घड्याळमासा

"बघा आता," तांडेल मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे नको, वाटीकडे बघा."

मी वाटीकडे बघितलं. दशावतारी मंडळाने मोडीत काढलेला कपाटाएवढा स्पीकर, तो आडवा पाडलेला, त्याच्यावर स्टीलची वाटी आणि वाटीत पाणी. एवढ्यासाठी मी पुण्याहून रात्रभर एसटीत अंग चेंगरून घेत आलो होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाणी थरथरलं. मधोमध एक बारीक वर्तुळ उठलं, काठापर्यंत गेलं आणि विरून गेलं. कानाला म्हणावं तर काहीच ऐकू आलं नाही, पण बरगड्यांच्या आत कुणीतरी जड दार लोटल्यासारखं वाटलं.

"आता दहा-अकरा सेकंद थांबा."

थांबलो. पाणी पुन्हा थरथरलं. पुन्हा थांबलो, पुन्हा थरथरलं.

"देवमासा," त्या म्हणाल्या.

"पहारेकरी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही बाई वाटीतलं पाणी माझ्या तोंडावर मारणार.

वेंगुर्ल्याच्या खाली काळखडप नावाची वाडी आहे. तिथल्या कड्यावर एका संस्थेने दोन खोल्यांचं केंद्र उभारलं होतं. समुद्राच्या तळाशी पाण्यातला आवाज ऐकणारा माइक, तिथून लांबलचक केबल, आणि केबलच्या या टोकाला एक संगणक, वाटीखालचा स्पीकर त्यालाच जोडलेला. उज्ज्वला तांडेल तिथे समुद्रातले आवाज ऐकत बसायच्या. त्या याच किनाऱ्यावरच्या, आजोबा-वडील किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे. शिकून डॉक्टरेट मिळवून पुन्हा इथेच येऊन बसल्या होत्या. आणि त्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम होती आमच्या कंपनीची. मी तिच्या पोटात काम करायचो. पोटात म्हणजे कर्नलमध्ये. पडद्यावर जे दिसतं त्याच्या खाली, प्रोसेसरला थेट हुकूम सोडणारा जो भाग असतो तिथे. घरी आईला मी सांगायचो की मी संगणकाचा आचारी आहे, पंगतीत दिसत नाही. तिला ते पटायचं.

त्या वर्षी मॅडमना हा ठोका सापडला होता. तो रोज नसायचा. कधी दोन दिवस यायचा, मग आठवडाभर गायब. पण आला की एकसारखा, मोजून मापून. काही जातींचे देवमासे असा ठोका देतात म्हणे, खर्जाच्याही खालचा. मॅडमनी संस्थेला कळवलं, आणि संस्थेतले लोक हसले. इतका नियमित आवाज जिवंत प्राणी काढत नाही, यंत्र काढतं, असं त्यांचं म्हणणं. कुणीतरी 'तांडेलबाईंचा घड्याळमासा' असं नाव ठेवलं, आणि ते नाव वाडीपर्यंत येऊन पोचलं. बाजारात मासे घ्यायला गेल्या की बायका विचारायच्या, "बाय, किती वाजले गो?"

केंद्र ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायला संस्थेने डॉ. शेवडे यांना पाठवलं होतं. ध्वनिशास्त्रातला मोठा माणूस, उंच, कोरडा, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. आदल्या दिवशीच ते आले होते आणि संध्याकाळी गाडीने परत जाणार होते.

"मी वाईट माणूस नाही, चौगुले," ते मला म्हणाले. "केबल एकच आहे. ती इथे घड्याळ ऐकत पडली असेल, तर उचलून दुसरीकडे टाकावी. तिथे ती काहीतरी खरं ऐकेल. तुमच्या यंत्रात असा ठोका देणारं काही आहे का, एवढं सांगा."

"आहे, सर."

होतंच. प्रोसेसरच्या आत काउंटर नावाची मोजणी करणारी यंत्रणा असते. प्रोसेसरचा प्रत्येक ठोका तिच्यात मोजता येतो, सेकंदाला अब्जावधी. काउंटर भरला की तो प्रोसेसरला टपली मारतो. हातातलं काम कितीही मोलाचं असो, या टपलीला नाही म्हणता येत नाही. या सोयीवर आम्ही एक पहारेकरी बसवला होता. दर दहा सेकंदांनी टपली बसली की तो उठतो, यंत्र जिवंत आहे का बघतो आणि गोठलेलं असेल तर बंद करून पुन्हा चालू करतो. काळखडपला त्याच्यावाचून गत नव्हती. खाऱ्या हवेने साउंड कार्ड अर्धवट बिघडलेलं, यंत्र अधूनमधून गोठायचंच. आणि अशा कार्डावर पहारेकऱ्याची टपली बसली की आवाजाच्या नोंदीत कधीकधी ठोका उमटणं सहज शक्य होतं.

"दहा सेकंद," शेवडे सर म्हणाले. "हा ठोका तर दहा-अकराचा आहे."

"पहारेकरी फक्त जागेपणीचे ठोके मोजतो, सर. यंत्राने डुलकी घेतली की मोजणी थांबते. मग त्याचे दहा कधी साडेदहा होतात, कधी अकरा."

"आणि मधेच काही मिनिटं ठोका बंद पडतो, मग पुन्हा सुरू होतो. ते?"

"तार सैल असेल."

"मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून बाहेर बघत होत्या.

माझ्याकडे प्रोफायलर होता. यंत्राच्या आत कोण कुठे वेळ घालवतंय हे शोधून काढणारं, कर्नलमधलंच दुसरं हत्यार. तोही त्याच काउंटरवर चालतो, फक्त त्याच्या टपल्या सेकंदाला हजारांनी. मी तो चालू केला.

वाटीतलं पाणी शांत झालं.

आम्ही तिघंही वाटीकडे बघत राहिलो. पाणी आरशासारखं. पडद्यावर समुद्राच्या आवाजाची पट्टी सरकत होती, तिच्यावरचे ठोक्याचे काळे उंचवटे नाहीसे झाले होते आणि सगळी पट्टी एकसारखी करडी झाली होती.

"काय झालं?" शेवडे सरांनी विचारलं.

"या प्रोसेसरमध्ये कामाचा काउंटर एकच आहे. प्रोफायलर आला की तो पहारेकऱ्याला तिथून हटवतो आणि स्वतः बसतो. पहारेकरी गेला आणि..."

"आणि ठोका गेला. झालं तर मग." त्यांनी चष्मा काढून पुसला. खरं सांगायचं तर माझी कॉलर जराशी ताठ झाली होती. सकाळी येऊन दुपारच्या आत निकाल.

तेवढ्यात जनुकाका दारात आले. केंद्राची राखण, स्वयंपाक, जनरेटर, सगळं तेच बघायचे. "चला, जेवक बसा. बांगडो थंड होता हा."

कुणी हललं नाही. मॅडम अजून खिडकीतच होत्या.

"चौगुले," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इकडे या जरा."

मी गेलो. खाली दुपारचा समुद्र चकाकत होता. कड्यापासून फार लांब नाही, एक निळा ट्रॉलर जाळं ओढत चालला होता. त्याची घरघर खिडकीतून साध्या कानाला ऐकू येत होती.

"हा मघापासून इथेच आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं ते हत्यार चालू करायच्या आधी पडद्यावर ह्याची घरघर दिसत होती. खाली, जाड रेघ. मी रोज बघते, मला माहीत आहे. आता पडद्यावर दाखवा मला. कुठे आहे?"

मी मागे वळून पडद्याकडे बघितलं. जाड रेघ नव्हती. सगळीकडे करडंच करडं.

"ठोका तुमच्या पहारेकऱ्याचा, तो गेला. मान्य. पण ट्रॉलर पण तुमच्या पहारेकऱ्याचा का?"

शेवडे सर उठून आले, खिडकीतून बघितलं, पडद्यावर बघितलं, पुन्हा खिडकीतून बघितलं. इतका शिस्तीचा माणूस, पण त्यांच्या तोंडून "अरेच्चा" निघालं.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. प्रोफायलरच्या टपलीसरशी साउंड कार्डाचं काम क्षणभर अडखळत होतं आणि नोंदीत बारीकशी गाठ पडत होती. सेकंदाला हजार टपल्या म्हणजे हजार गाठी, म्हणजे नुसती सरसर. त्या सरसरीखाली ट्रॉलर बुडाला होता, समुद्र बुडाला होता. ठोकाही तिथेच बुडालेला असू शकत होता. बघायला म्हणून मी दिवा लावला होता आणि त्याच्याच धुराने खोली भरली होती.

"म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही," शेवडे सर म्हणाले. "पहारेकरी बंद करून नुसतं ऐकता येईल?"

"मागल्या आठवड्यात केलं होतं," मॅडम म्हणाल्या. "यांच्या कंपनीने पुण्याहून फोनवर सांगितलं तसं. दुपारीच यंत्र गोठलं, जनुकाकांनी प्लग काढून घालेपर्यंत तसंच. आणि तोवर ठोका आला नाही. न येण्यावरून काय कळणार?"

"बरोबर. दोन्ही एकाच वेळी दिसायला हवेत. वर समुद्र, खाली पहारेकरी. जुळले तर यंत्र. नाही जुळले तर बोलू." त्यांनी घड्याळात बघितलं. "माझी गाडी संध्याकाळी आहे."

आणि अडचण नेमकी इथेच होती. पहारेकरी कधी उठला हे टिपायचं तर प्रोफायलर हवा. प्रोफायलर आला की पहारेकरी जातो. काउंटर एक, हक्कदार दोन, आणि दोघांचीही सवय अशी की पाट मिळाला की दुसऱ्याला बसू द्यायचं नाही. कर्नल लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनीच त्यांना ती सवय लावलेली. एकाच माणसाने दोन्ही लिहिले असते तर असं झालं नसतं. पण पहारेकरी एकाने लिहिला, प्रोफायलर दुसऱ्याने, आणि दोघांनाही वाटलं की या घरात आपण एकटेच राहतो.

मी बांगडा खाल्ला की नाही ते मला आठवत नाही. ताट पुढ्यात होतं एवढं आठवतं. मनात चाळीतला नळ घोळत होता. इचलकरंजीला आमच्या लहानपणी दोन घरांत मिळून एक नळ होता आणि त्यावरून रोज सकाळी माझी आई आणि शेजारच्या काकू तावातावाने भांडायच्या. शेवटी भांडण कसं मिटलं? नळ कुणाचाच नाही असं ठरलं. पाणी आलं की जी आधी ऐकेल तिने दोन्ही घरांना हाक मारायची.

मी हात धुतले आणि बसलो. काउंटर पहारेकऱ्याचाही नाही आणि प्रोफायलरचाही नाही. मधे एक छोटासा कारकून बसवायचा. काउंटर लावायचा त्याने. भरला, टपली बसली, की एकाच टपलीत दोघांना हाक मारायची. पहारेकऱ्याने उठून आपलं काम करावं, प्रोफायलरने त्याच क्षणी पट्टीवर खूण करावी आणि गप्प बसावं. हजार टपल्या नकोत, सरसर नको. पहारेकऱ्याच्या संथ टपलीवर दोघांनी भागवायचं.

सांगायला सोपं. टपली बसते तेव्हा यंत्र कुठल्याही अवस्थेत असतं. त्या क्षणी चुकीच्या ठिकाणी हात लावला की सगळं गोठतं. तसं ते गोठलंच, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी यंत्र उठेपर्यंत शेवडे सर खोलीत येरझाऱ्या घालत होते. मॅडम माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"तुम्हाला हे सांगायची गरज नाही," मी म्हणालो, "पण जुळलं तर..."

"जुळलं तर घड्याळमासा," त्या म्हणाल्या. "मग मी केबल गुंडाळायला स्वतः मदत करीन. पण चौगुले, मी ह्याला पाच महिने ऐकतेय. तुम्ही रोज घरी येणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज ओळखता ना? जिन्यावर आला की कळतं ना?"

"कळतं."

"मग करा पटपट."

उन्हं कलायला लागली तेव्हा ते चाललं. पडद्यावर वर समुद्राची पट्टी, तिच्यात ट्रॉलरची जाड रेघ ठसठशीत परत आलेली. आणि खाली ओळीने लहान लहान खुणा: पहारेकरी उठला, पहारेकरी उठला, पहारेकरी उठला. मी स्वतः बसवलेला तो पहारेकरी, पण मी त्याला कामावर असताना कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं, कारण बघायला गेलं की तो उठून जायचा. मला त्याच्याबद्दल अचानक फार माया वाटली.

वाटी मात्र शांत होती.

बराच वेळ शांत होती. मॅडमनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. माझी अवस्था फार काही वेगळी नव्हती. सकाळी मला तो ठोका यंत्राचा निघायला हवा होता; आता माझ्या मनात एवढंच होतं की ये बाबा, जो कोणी असशील तो ये.

पाणी थरथरलं.

वर काळा उंचवटा उमटला, आणि बरोबर त्याच्याखाली पहारेकऱ्याची खूण. दुसरा उंचवटा, दुसरी खूण, जवळजवळ एकाखाली एक. शेवडे सरांनी निःश्वास सोडला. "जुळतंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

तिसरी खूण आली. पाणी हललं नाही. मग हललं.

चौथी खूण आली. पाणी आणखी उशिरा हललं. पाचवीला आणखी. दोन अनोळखी माणसं योगायोगाने रस्त्याला बरोबर लागावीत आणि थोड्या वेळाने ज्याने त्याने आपापल्या चालीने चालावं, तसं ते एकमेकांपासून सुटत गेलं. थोड्याच वेळात ठोका दोन खुणांच्या पार मध्यावर आला. पहारेकऱ्याला त्याचा पत्ता नव्हता आणि त्याला पहारेकऱ्याचा.

"मॅडम," मी म्हणालो, "डोळे उघडा."

त्यांनी उघडले. बघितलं. माझं मनगट धरलं, आणि ते इतकं घट्ट की मला कळ आली.

"पहारेकरी नाही," शेवडे सर म्हणाले. "मान्य. पण यंत्रात दुसरं कुठलं घड्याळ..."

ठोका थांबला.

आम्ही पुढच्याची वाट बघितली. तो आला नाही. त्याच्यापुढचाही नाही. वाटीतलं पाणी निपचित.

"तार," शेवडे सर सवयीने बोलून गेले.

मॅडम उठल्या आणि पडद्यावर बोट टेकवलं. जाड रेघेवर. ट्रॉलर चालू होता. त्याची घरघर पट्टीत तशीच येत होती, क्षणभरही तुटली नव्हती. मग त्यांचं बोट खाली सरकलं, पहारेकऱ्याच्या खुणांवर. एक उमटली. दुसरी उमटली. यंत्र जागं होतं, तार शाबूत होती, समुद्र ऐकू येत होता. त्या सगळ्यात गप्प झाला होता तो फक्त एक.

"मग गेला कुठे?" शेवडे सरांनी विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं विचारलं.

मॅडमनी तोंड उघडलं तेव्हा प्रमाण मराठी कुठल्या कुठे जाऊन मालवणी आली होती.

"तो वर गेलो हा, सर. श्वास घेवक."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आजही ही गोष्ट सांगताना येतो. त्या चकाकणाऱ्या पाण्यात, आमच्या नजरेच्या कितीतरी पलीकडे, घराएवढं काहीतरी सावकाश वर चढत होतं. त्याला आमचा पत्ता नव्हता. त्याच्यासाठी तिघांचा जीव टांगणीला लागलाय हे त्याच्या गावीही नव्हतं. पडद्यावर माझा पहारेकरी बिचारा खुणा करत राहिला, एकामागून एक, न थांबता. त्याला कधी श्वास घ्यावा लागत नव्हता. सकाळपासून आम्ही ज्या गोष्टीला सैल तार म्हणत होतो, तीच एक गोष्ट कुठल्याही यंत्राला करता आली नसती.

आम्ही किती वेळ उभे होतो मला माहीत नाही. शेवडे सरांचा हात स्वतःच्या छातीवर होता, आणि माझ्या लक्षात आलं की मीही श्वास रोखून धरलाय.

पाणी थरथरलं.

"इलो," मॅडम म्हणाल्या, आणि मग रडू आणि हसू दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना पुढे बोलता येईना. "परत इलो बघा."

शेवडे सर हळूच खुर्चीवर बसले. वाटीत वर्तुळं उठत होती, विरत होती. तिच्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "हा ठोका तो कोणासाठी देतो?"

"दुसऱ्यासाठी. ह्या आवाजाला फार लांबचा पल्ला असतो. शेकडो मैलांवर कोणी असेल तर त्याला जातो."

"आणि कोणीच नसेल तर?"

मॅडमनी डोळे पुसले. "तरी देतो," त्या म्हणाल्या.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जनुकाका सरांची बॅग हातात घेऊन दारात आले. "सर, गाडी इली. ड्रायव्हर घाई करता हा."

शेवडे सरांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. ओठांवर बोट ठेवून त्यांनी जनुकाकांना जवळ बोलावलं, आपल्या शेजारी उभं केलं आणि अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तर तिकडे पाण्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"माझ्याकडे नको. वाटीकडे बघा."